उभे धरलेले चाक

माझ्या पत्नीचे उजवे मनगट किंचित वाकडे आहे. पोळी लाटताना तिचे लाटणे एका बाजूला कलते आणि पोळीची एक कड जाड राहते. हे कशाने झाले असे कोणी विचारले, की आमच्या घरात एक ठरलेली हकीकत सांगितली जाते. ती हकीकत खोटी आहे. मी स्वतः ती कधीच सांगितली नाही. इतर सांगत असताना मी गप्प बसत आलो, आणि एवढ्या आधारावर कित्येक वर्षे मी स्वतःला खोटारडा समजत नव्हतो. त्या हकीकतीने ज्यांना दोषी ठरवले, त्या सुखदेव मिस्त्रींविषयी मला लिहायचे आहे. लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची मात्र खात्री नाही.

शहापूरला महामार्गाच्या कडेला, एका जुन्या मोहाच्या झाडाखाली, त्यांचे टिनाच्या शेडचे गॅरेज होते. समोर गोविंदाचे चहाचे हॉटेल. हॉटेल म्हणजे एक भट्टी आणि दोन लांब बाके. उंच, काटक, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि ओठांवर भरघोस, वर वळवलेली मिशी, असे मिस्त्रींचे रूप. त्या मिशीला ते ग्रीस लावतात, अशी गावात थट्टा चाले. मिशी राखण्याला कारण होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा रात्रभर दंडार या लोकनाट्याचे खेळ होतात. गावच्या दंडारीत राजाचे काम मिस्त्रींचे असे. वर्षाचे बाकीचे दिवसही तो राजा त्यांच्या अंगातून पुरता उतरत नसे. गाडीखालून बाहेर आले, की कपाळाचे तेल पुसत ते गाडीवाल्यासमोर ताठ उभे राहत आणि बाकावरच्या मंडळींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "महाराज, आपल्या रथाचे डावे चक्र आपल्याशी फितूर झाले आहे!"

मग आवाज उतरवून, आपल्या बोलीत, "एंड गेला जी डाव्या अंगाचा. बदलवा लागते."

त्यांना गाडीतले सगळेच काम येत असे, पण नाव होते ते स्टिअरिंगच्या कामासाठी. जवाहरनगरच्या वसाहतीतल्या नोकरदारांच्या गाड्या रविवारी त्यांच्या दारात ओळीने उभ्या असत. स्टिअरिंगची तक्रार घेऊन आलेल्याला ते गाडीविषयी काही विचारतच नसत. "खांदा कोनता दुखते?" हा पहिला प्रश्न. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर तिला सरळ धरता धरता माणसाचा एक खांदा भरून येतो. गाडीवाल्याला ते कळलेलेही नसते. त्यानंतर ते टायरवरून तळहात फिरवीत. आतली कड खवल्यासारखी झिजलेली लागली, की "हूं" असा एक हुंकार. मग गाडीवाल्याला आत बसवून स्वतः खाली झोपत, एकेका सांध्यावर हात ठेवीत आणि खालून हुकूम सोडीत, "हलवा! डावीकडं! उजवीकडं! थांबा!"

मी मोहाडीच्या शाळेत मराठी शिकवतो आणि माझा आवाज लहान आहे. माझे "हो, हलवतो" त्यांना गाडीखाली ऐकू जात नसे.

"सर, शाळेत पोरायले तरी ऐकू जाते का जी तुमचं? हाव म्हना मोठ्यानं!"

"हाव!" मी ओरडे, आणि बाकावरची मंडळी हसत.

शेवटी गाडी जॅकवर चढे आणि चाकाची परीक्षा होई. ही परीक्षा ते स्वतः करून थांबत नसत. गाडीवाल्याला खाली उकिडवे बसायला लावीत. आधी चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवायचे. खटखट झाली, तर एंड झिजलेला, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा सांधा. मग चाक वरून आणि खालून, उभे धरून हलवायचे. हलले, तर बॉल जॉइंट झिजलेला, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा सांधा. "एंड ढिला झाला तं गाडी भटकते," ते सांगत, "पन बॉल जॉइंट सुटला तं चाक पोटाखाली मुडपते. मंग ब्रेकही तुमचा नाई अन् रस्ताही तुमचा नाई." आणि प्रत्येकाला, मग तो तहसिलीतला साहेब असो की भाजीची गाडी चालवणारा, एकच वाक्य, "माह्या सांगन्यावर बदलवू नका. तुमच्या हाताले सांगू द्या."

झिजलेला एंड काढणे हा बघण्यासारखा प्रकार होता. तो ज्या कडीत रुतलेला असे, तिच्या दोन्ही अंगांना दोन हातोडे एकाच वेळी बसत. तिसऱ्या-चौथ्या घावाला आतली खुंटी सुटून खाली पडे. त्या आवाजाने बाकावरचे बोलणे थांबे. चहाचे कप कानाशी नेऊन कोणी कोणी तो घणघणाट अडवल्याचा आव आणी. मिस्त्री मात्र कान पुढे करून ऐकत. घाव बरोबर बसला की नाही, हे म्हणे आवाजावरून कळते. जुना एंड जितके आटे फिरून निघाला, तितकेच आटे फिरवून ते नवा बसवीत. काढलेला तुकडा चिंधीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवून देत. "तुमच्या गाडीचं हाड हाये, तुमच्या घरी न्या," असे म्हणत. पुढे हीच चिंधी त्यांच्यावर उलटणार होती.

ते चुकत नसत असे नाही. एकदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका राइस मिलवाल्या शेठची गाडी आली. स्टिअरिंग असे थरथरे, की धरवत नव्हते. मिस्त्रींनी दोन्ही एंड बदलले, आतली बुशे बदलली. थरथर जागच्या जागी. दोन दिवस ते चिडून खर्रा घोटत बसले. तिसऱ्या दिवशी शेठच्या ड्रायव्हरने गाडी धुताना पाहिले, तर चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा भलामोठा थर वाळून चिकटलेला होता. गाडी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, रुतली होती, तेव्हाचा. चिखल खरवडला आणि थरथर गेली. ड्रायव्हरने हे मिस्त्रींना हळूच येऊन सांगितले. शेठला यातले काही कळण्याचा संभव नव्हता.

मी तेव्हा गोविंदाकडे चहा पीत होतो. मिस्त्री रस्ता ओलांडून आले आणि थेट बाकावर चढून उभे राहिले. आम्हाला वाटले, आता राजाचे भाषण होणार.

"ऐका गा सारे!" ते म्हणाले. "शेठच्या गाडीच्या चाकाले चिखल होता, अन् म्या तिचे चांगले सांधे काढून फेकले. चूक माही हाये. कोनी विचारलं तं असंच सांगा."

"उतरा खाली, बाक मोडन माहा!" गोविंदा ओरडला, आणि सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्री त्याच पावली मिलवर गेले आणि जुने सांधे परत बसवून देऊ का, असे शेठना विचारून आले. त्या दिवसापासून त्यांच्या शेडमध्ये पाण्याची बादली आणि एक बोथट खुरपे आले. स्टिअरिंगची तक्रार आली, की आधी चाक धुवायचे.

बाकावर उभा असलेला तो माणूस मला पुढे फार वेळा आठवला.

माझ्या भाचीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोहाडीला होते. आदल्या दिवशी मी गाडी मिस्त्रींकडे नेली, कारण ती काही दिवस रस्त्यावर भटकू लागली होती. दोन्ही एंड गेले होते. ते त्यांनी दुपारपर्यंत बदलले. मग डावे चाक जॅकवर असतानाच त्यांनी मला बोलावले.

"बसा जी सर. उभं धरा. हलवा."

मी हलवले. माझ्या दोन्ही तळव्यांना आतून एक ठोका बसला. दारावर कोणी आतून बोटाने टकटक करावी तसा.

"समजलं?"

"समजलं."

"बॉल जॉइंट. हा पार्ट माह्यापाशी नाई. भंडाऱ्याचं दुकान आज बंद हाये, सकाळी आनतो. गाडी ठेवा."

मी सांगितले की उद्या सकाळीच निघायचे आहे. पत्नीचे मोठे भाऊ येणार आहेत, मानाचे पाहुणे आहेत, बसने नेणे बरे दिसणार नाही. परवा आणतो. मिस्त्रींनी किल्ली खिळ्याला टांगली आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"मी नाई देत जी. बाई बसन ना गाडीत?"

मला आठवते, मला राग आला होता. चहाच्या बाकावरून लोक पाहत होते आणि मी, एक शिक्षक, माझ्याच गाडीच्या किल्लीसाठी विनवणी करीत होतो. मी वर्गात वापरतो तो थंड स्वर काढला. "मिस्त्री, गाडी माझी आहे." त्यांच्या खांद्यावरून हात घालून मी किल्ली काढून घेतली.

ते बाजूला झाले. चिंधीत गुंडाळलेले जुने एंड त्यांनी डिकीत ठेवले. "हळू न्या मंग," ते म्हणाले. "खड्ड्यात घालू नका. परवा तुमी नाई आले, तं मी घरी येतो पार्ट घेऊन."

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला. मेहुणे, प्रभाकरराव, माझ्या शेजारी बसले होते. "बापू, पाव्हने वाट पाहून राहिले न! ही बैलगाडी हाये का?" ते दर थोड्या वेळाने म्हणत. मी वेग वाढवला. वरठीच्या पुढे एका रपट्यावर, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, गाडी आपटली आणि डावे चाक पोटाखाली मुडपले. स्टिअरिंग माझ्या हातात होते, आणि त्याचा कशाशी काही संबंध उरलेला नव्हता. गाडी रस्ता सोडून बांधीत उतरली. माझी पत्नी मंदा मागे बसली होती. पुढच्या सीटला टेकवलेला तिचा हात मनगटात मोडला.

आसपासच्या शेतांतून माणसे धावत आली. मंदाच्या हाताला बांधायला कापड शोधताना प्रभाकररावांनी डिकी उघडली आणि ती चिंधी त्यांच्या हाती लागली. दोन झिजलेले एंड जमिनीवर पडले.

"हे काय? कालच बदलवले?" त्यांनी मला विचारले.

"हो."

"कोनापाशी?"

"सुखदेव मिस्त्रीकडे."

एवढेच मी बोललो. प्रत्येक शब्द खरा होता. प्रभाकररावांनी ते तुकडे जमलेल्या माणसांना दाखवले. "पाहा! काल नवे टाकले अन् आज चाक मोडलं. मानूस मारते का हा मिस्त्री?" एंड कोणता आणि बॉल जॉइंट कोणता, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होते. नवे एंड गाडीखाली शाबूत होते. मी मंदाचा हात धरून बसलो होतो, आणि हात धरलेल्या माणसाने बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते.

सांगितल्याप्रमाणे मिस्त्री त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आले. अपघाताची बातमी त्यांना लागलेली होती. हातात कागदी खोक्यातला नवा बॉल जॉइंट होता. आमच्या अंगणात समाचाराला आलेली माणसे बसली होती आणि मंदा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून खाटेवर होती.

"बाई, हात कसा हाये?" ते दारातूनच म्हणाले.

"तोंड घेऊन आला?" प्रभाकरराव उठले. "राजा म्हनते न तुले गावात? कायचा राजा? माह्या बहिनीचा हात मोडला तुह्या कामानं!"

मला वाटले, आता मिस्त्री गर्जतील. त्यांना उलट उत्तर न देता राहता येत नसे. त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सरले विचारा. सरच्या हाताले माहीत हाये."

सगळे अंगण माझ्याकडे वळले. मंदाही. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या आता. झालं ते झालं. मिस्त्रींना कशाला बोलायचं?"

लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. "सरचं मन मोठं हाये," असे कोणीतरी म्हणालेही. मिस्त्री काही क्षण थांबले. मला अजून वेळ देत होते, असे मला आज वाटते. मग त्यांनी ते खोके तुळशीच्या ओट्यावर ठेवले आणि गेले.

त्यानंतर रविवारी जवाहरनगरच्या गाड्या येईनाशा झाल्या. त्याच सुमारास भंडाऱ्याला अलाइनमेंटचे यंत्र आले. गिऱ्हाईक तसेही गेले असते, अशी समजूत मी पुष्कळ दिवस घालून घेतली. तिच्यात थोडे तथ्यही असेल. पण त्या वर्षीच्या मंडईत मी दंडार पाहायला बसलो होतो. राजा सिंहासनावर आला आणि विदूषकाने हात जोडून विचारले, "महाराज, रथात बसतो मी, पन चाक कोनी बसवलं ते आधी सांगा!" सारा मांडव हसून लोळला. मिस्त्रींनी आपले पुढचे वाक्य म्हटले. मिशी पिळली. खेळ पार पाडला. पुढच्या वर्षी राजा दुसराच होता, आणि मिशी गेली होती.

मी रोज त्या शेडवरून मोहाडीला जात होतो. काच वर करून.

यंदा आमच्या शाळेत एक नवे शिक्षक आले. त्यांनी जुनी गाडी घेतली आणि स्टिअरिंग कोणाला दाखवू, असे शिक्षकखोलीत विचारले. कोणीतरी चटकन म्हणाले, "कोनालेही दाखवा, पन शहापूरच्या त्या सुखदेव मिस्त्रीले नको. सरच्या मिसेसचा हात त्यानंच मोडला. हो न सर?"

माझी मान हलली. मी ती हलवली असे मला म्हणवत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने ती आपोआप हलली. तेव्हा मला स्वतःची जी शिसारी आली, ती सांगण्यासारखी नाही. मी फार दमलो होतो. खोटे सांभाळण्यात माणूस किती दमतो, हे त्याला बहुधा ते खाली ठेवण्याची वेळ येईपर्यंत कळत नाही.

संध्याकाळी मंदाला मी सगळे सांगितले. चाक, ठोका, किल्ली, अंगण. ती कणीक मळत होती. परातीतला हात तसाच ठेवून म्हणाली, "मी त्याईले शाप देल्ले हो. हात दुखला का त्याईचंच नाव घेत होती."

"चुकलं माझं."

"मले कायले सांगता?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी अंगनात चूप होते, साऱ्याइच्या समोर. इथं चुलीपाशी बोलून काय होते? उद्या सकाळी चला. मीबी येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरला उतरलो. शेडचे टिन गंजले आहे, पण मोहाचे झाड तसेच आहे. एका जुन्या जीपचे चाक जॅकवर होते आणि मिस्त्री, पिकलेल्या केसांचे, बिनमिशीचे, एका स्टुलावर बसून खुरप्याने त्या चाकाचा चिखल काढीत होते. आता त्यांना खाली झोपणे जमत नसावे. पाठीमागे आम्ही उभे आहोत, हे त्यांना उशिरा कळले. मला पाहून त्यांचा चेहरा बदलला नाही. मग त्यांना मंदा दिसली, आणि ते खुरपे बादलीत टाकून उठले.

"बाई, हात कसा हाये?"

तो प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला होता आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते. मंदाने मनगट पुढे केले. "चालते जी भाऊ, कामापुरता."

मी पाठ केलेली वाक्ये काढली. ती चांगली, शुद्ध वाक्ये होती. 'माझ्याकडून आपल्यावर जो अन्याय झाला' अशी त्यांची सुरुवात होती. मिस्त्रींनी कपाळाला आठ्या घालून कान पुढे केला.

"मोठ्यानं बोला ना जी सर. हातोड्याईनं खाल्ले कान. काही ऐकू नाई ये."

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी मान हलवली, कानावर बोट ठेवले आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मंदाने समोर, रस्त्यापलीकडे पाहिले. गोविंदाच्या बाकांवर माणसे बसली होती. काहींनी आम्हाला ओळखले होते आणि ते इकडेच पाहत होते.

मी मिस्त्रींचा हात धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून नेले. मी बाकावर चढलो. गोविंदाने बाकाचे टोक धरून ठेवले. मिस्त्री खाली उभे राहून वर पाहत होते. त्यांच्या एका हाताचा चिखल माझ्या हाताला लागला होता. पाठ केलेले एकही वाक्य उरले नव्हते, आणि जे तोंडातून आले ते घरच्या बोलीत, माझ्या उभ्या आयुष्यात न निघालेल्या आवाजात आले.

"मिस्त्री, चूक माही होती! ऐका गा सारे! बॉल जॉइंट गेला म्हनून मिस्त्रीनं मले सांगतलं होतं. चाक उभं धरून म्या माह्या हातानं पाह्यलं, ते हललं होतं. त्याईनं किल्ली देल्ली नाई, म्या हिसकून नेली. त्याईनं बसवलेले एंड शाबूत होते. मंदाचा हात माह्यानं मोडला, मिस्त्रीनं नाई. अन् मिस्त्री, तुमी अंगनात माह्याकडं पाह्यलं, तवा मी बोललो नाई. मले माफ करा. मिस्त्री, मले माफ करा!"